दागिन्यावरचं नाव

२ डिसेंबर २०२५ रोजी लंडनमध्ये क्रिस्टीज या लिलावगृहाने एक अंडं विकलं. उंची जेमतेम १४ सेंटिमीटर. स्फटिकातून कोरलेलं, वर प्लॅटिनम आणि बारीक हिऱ्यांनी काढलेली हिमकणांची नक्षी, खाली वितळत्या बर्फाच्या ढेकळासारखा स्फटिकाचाच चौथरा. अंडं उघडलं की आत पांढऱ्या गारगोटीतून कोरलेल्या रानफुलांची परडी. १९१३ च्या ईस्टरला रशियाचा झार दुसरा निकोलस याने ते आपल्या आईला भेट दिलं होतं. लिलावात त्याला सुमारे २ कोटी २९ लाख पौंड मिळाले. फाबेर्जे पेढीच्या कुठल्याही वस्तूला त्याआधी लिलावात एवढी किंमत आली नव्हती.

जग या वस्तूला ‘विंटर एग’ म्हणून ओळखतं आणि तिच्याशी दोन नावं जोडतं, झारचं आणि कार्ल फाबेर्जेचं. ती ज्या डोक्यातून निघाली ते डोकं पंचविशीही न गाठलेल्या एका मुलीचं होतं. तिचं नाव आल्मा पील. पेढीत तिला घेतलं होतं ते तयार दागिन्यांची चित्रं नोंदवहीत उतरवून घ्यायला.

उंची दागिन्यांच्या व्यवसायात हे वारंवार दिसतं. दागिना घालणारी बाई, जाहिरातीतली बाई, दुकानात निवड करणारीही बहुधा बाई; मात्र घडवणारा, विकणारा आणि गल्ल्यावर बसणारा पुरुष. या धंद्यात सत्ता तीन ठिकाणी असते. हत्यार कुणाच्या हातात आहे, दागिन्यावर नाव कुणाचं आहे, आणि सोनं, जागा, उधारी यांच्या कागदावर सही कुणाची आहे. गेल्या अडीचशे वर्षांत बायकांनी या तिन्ही ठिकाणी शिरकाव केला, पण एकाच वेळी नाही आणि एकाच वाटेने नाही. काहींना नाव मिळालं, काहींना अधिकार मिळाला पण नाव नाही. एखादीलाच सगळं मिळालं. कुणाला काय मिळालं आणि का, हे पाहिलं की ‘सक्षमीकरण’ या गुळगुळीत झालेल्या शब्दाला थोडी धार येते.

विधवेची नाममुद्रा

इंग्लंडमध्ये १३६३ पासून सोन्या-चांदीच्या वस्तूवर घडवणाऱ्याची खूण उमटवणं कायद्याने बंधनकारक आहे. ही खूण लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये नोंदवावी लागे. खूण नोंदलेली असणं म्हणजे वस्तूच्या शुद्धतेची जबाबदारी घेण्याचा अधिकार असणं. मुलींना या धंद्यात उमेदवारी मिळणं दुर्मीळ होतं, पण कारागीर मेला तर त्याची बायको कारखाना पुढे चालवू शके आणि स्वतःची खूण नोंदवू शके. पुरुषांच्या व्यवसायाने बायकांसाठी ठेवलेला हा मागचा दरवाजा होता. तो उघडायला नवऱ्याचा मृत्यू लागायचा.

हेस्टर बेटमन याच दरवाजातून आली. नवरा जॉन सोन्याच्या साखळ्या घडवायचा. तो १७६० मध्ये गेला आणि पुढच्याच वर्षी, १७६१ मध्ये, हेस्टरने ‘एच. बी.’ ही वळणदार अक्षरांची खूण आपल्या नावावर नोंदवली. तेव्हा तिने पन्नाशी ओलांडली होती. तिला लिहिता-वाचता येत नसावं असं अभ्यासक मानतात. तरी पुढची जवळजवळ तीस वर्षं बनहिल रो या रस्त्यावरच्या तिच्या कारखान्यातून चहादाण्या, चमचे, साखरेच्या परड्या, ताटल्या बाहेर पडत राहिल्या. चांदीचा पातळ लाटलेला पत्रा आणि ठोकणीची यंत्रं वापरून तिने वजन कमी ठेवलं आणि त्यामुळे किंमतही. सरदारांच्या घरातली चांदी मध्यमवर्गाच्या चहाच्या टेबलावर यायला लागली होती आणि तिने नेमकं ते गिऱ्हाईक पकडलं. १७९० मध्ये ती निवृत्त झाल्यावर मुलगा पीटर आणि सून ॲन यांनी जोडीने आपली खूण नोंदवली. आज संग्रहालयांत बेटमन घराण्याची चांदी आवर्जून दाखवली जाते, कारण ती कुणाची हे पक्कं सांगता येतं. वस्तूवर खूण आहे.

नोंदवहीतली मुलगी

आल्मा पीलची वाट याहून वेगळी. तिचा जन्म १८८८ मध्ये मॉस्कोत, फिनलंडहून आलेल्या कारागिरांच्या कुटुंबात झाला. वडील फाबेर्जेच्या मॉस्को शाखेत दागिन्यांचे प्रमुख कारागीर. आईचे वडील ऑगस्ट होल्मस्ट्रॉम हे सेंट पीटर्सबर्गमध्ये पेढीचे मुख्य रत्नकार, आणि त्यांच्यानंतर तो कारखाना मामा आल्बर्टकडे आला. १९०९ मध्ये विशीतली आल्मा मामाच्या कारखान्यात रुजू झाली. काम साधं होतं, तयार झालेला प्रत्येक दागिना वहीत काढायचा. हे करता करता ती फावल्या वेळात स्वतःच्या कल्पना रेखाटू लागली. मामाला त्या आवडल्या आणि त्यातल्या काही घडवायला गेल्या.

मग इमॅन्युएल नोबेलची मागणी आली. हा नोबेल पारितोषिकवाल्या आल्फ्रेडचा पुतण्या, बाकूच्या तेलाचा धनी. त्याला भेट द्यायला ४० छोटे दागिने हवे होते, तेही तातडीने. अट अशी, की कल्पना नवी हवी पण ऐवज इतका महाग नको की भेट लाचेसारखी वाटावी. हिवाळ्याचे दिवस होते. कारखान्याच्या काचांवर गोठलेल्या बाष्पाची पानं-फुलं उमटली होती आणि आल्माने ती थेट कागदावर उतरवली. त्यातून हिमकणांच्या आकाराचे ब्रोच झाले आणि त्याच रेषेतून पुढे झारचं अंडं. १९१४ चं ‘मोझेइक एग’ही तिचंच. सासूबाई शेकोटीपाशी भरतकाम करत होत्या, ते पाहून तिला सुचलं की रंगीत टाक्यांऐवजी प्लॅटिनमच्या जाळीत इवलीइवली रत्नं बसवली तर? ते अंडं आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. एक कल्पना कारखान्याच्या खिडकीवरून आली आणि दुसरी सासूच्या भरतकामावरून. ज्या गोष्टींकडे तिथले पुरुष कारागीर पाहून न पाहिल्यासारखं करत असतील, त्या हिने कामाच्या मानल्या.

फाबेर्जेच्या पद्धतीत दागिन्यावर पेढीचं नाव आणि कारखान्याच्या प्रमुखाची आद्याक्षरं उमटत. चित्र कुणी काढलं हे उमटत नसे. हा नियम पुरुषांनाही लागू होता. पण पुरुषांना कारखानदार होऊन स्वतःची अक्षरं उमटवण्याची पुढची पायरी होती, आल्माला ती नव्हती. क्रांतीनंतर १९२१ मध्ये ती नवऱ्यासोबत फिनलंडला गेली आणि कूसान्कोस्की या कागदगिरण्यांच्या गावात १९५१ पर्यंत शाळेत चित्रकला व सुलेखन शिकवत राहिली. झारच्या अंड्याबद्दल मुलांना ती बोलली नाही. १९७६ मध्ये तिचं निधन झालं. नंतर होल्मस्ट्रॉम कारखान्याच्या नोंदवह्या लंडनमध्ये मिळाल्या आणि अभ्यासकांनी तुकडे जुळवले, तेव्हा तिचं नाव जगापुढे आलं. जी वही भरण्यासाठी तिला नेमलं होतं, तसल्याच वह्या शेवटी तिच्या बाजूने साक्षीला उभ्या राहिल्या.

पॅरिसच्या बायका

दोन महायुद्धांच्या मधलं पॅरिस ही या कथेतली सगळ्यात भरगच्च जागा. रने ब्वावँ हा नावाजलेला रत्नकार १९१७ मध्ये वारला आणि पेढी त्याची पत्नी झान हिच्याकडे आली. ती प्रसिद्ध वेशकार पॉल प्वारेची बहीण, त्यामुळे कपडा, देह आणि दागिना यांचं नातं तिला घरातच शिकायला मिळालेलं. तिने पेढी विकली नाही आणि पुरुष व्यवस्थापकाच्या हातीही दिली नाही. १९१९ मध्ये तिने एकोणीस वर्षांच्या एका मुलीला घेतलं, तीच पुढे सुझान बेलपेराँ म्हणून गाजली. १९३०च्या दशकात ज्युलिएत मुतार आली, मग मुलगी जर्मेन. आकडे-बिजागऱ्यांनी जोडलेला, अंगाच्या वळणावर सैल पसरणारा माणिक-ॲमेथिस्टचा तारामासा ही या पेढीची जगभर गाजलेली वस्तू. मालकीण, संकल्पनकार आणि गिऱ्हाईक तिघीही बायका असल्या की काय घडतं, याचं हे उदाहरण आहे. ब्रोच छातीवर टाचायच्या बिल्ल्यासारखा राहिला नाही, तो खांद्यावर, कंबरेवर, हव्या त्या ठिकाणी जाऊ लागला. घातल्यावर टोचतो का, कापड ओढतो का, हे प्रश्न आराखड्याच्या टप्प्यावरच विचारले गेले.

बेलपेराँ १९३२ मध्ये तिथून निघाली आणि बर्नार हर्झ या रत्नव्यापाऱ्याकडे गेली. हर्झने तिला आराखड्याचं पूर्ण स्वातंत्र्य दिलं. कॅल्सेडनी, धुरकट स्फटिक अशा ‘हलक्या’ मानल्या जाणाऱ्या खड्यांना कोरून ती त्यात हिरे आणि नीलम बसवायची. मोठा हिरा म्हणजे मोठा दागिना हे समीकरण तिने मोडलं. हर्झ ज्यू होता. नाझींनी पॅरिस घेतल्यावर ज्यूंच्या पेढ्या जप्त होऊ लागल्या, तेव्हा बेलपेराँने पेढी स्वतःच्या नावावर केली आणि धंदा वाचवला. हर्झला १९४२ मध्ये पकडलं आणि १९४३ मध्ये आउशवित्झमध्ये मारलं. युद्धानंतर त्याचा मुलगा झाँ कैदेतून परतला, तेव्हा तिने त्याला निम्मा वाटा परत दिला आणि दोघांनी मिळून पेढी १९७०च्या दशकापर्यंत चालवली.

अशी बाई आपल्या दागिन्यांवर सही मात्र करत नसे. आपली शैली हीच आपली सही, असं ती म्हणायची. अभिमान म्हणून हे शोभतं, पण हिशेब म्हणून महाग पडलं. १९८७ मध्ये विंडसरच्या डचेसचे, म्हणजे ब्रिटनच्या माजी राजाच्या बायकोचे, दागिने जिनिव्हात लिलावाला आले तेव्हा त्यातले बेलपेराँचे सगळे नग तिच्या नावाने नोंदले गेले नव्हते. आज तिचा दागिना खरा की नकली हे ठरवताना जाणकार ज्या खुणा पाहतात, त्यात तिच्यासाठी दागिने घडवणाऱ्या कारखान्याचा शिक्का असतो. म्हणजे कारखान्याची खूण टिकली आणि बाईची शैली पारखायला ती उपयोगी पडते.

झान तूसाँला अधिकार मिळाला तो कार्तियेसारख्या अजस्र पेढीत. बेल्जियमच्या शार्लरुआ गावातून आलेली ही बाई आधी हँडबॅगांच्या विभागात होती. १९३३ मध्ये लुई कार्तियेने तिला उंची दागिन्यांची सूत्रं दिली. ती स्वतः चित्र काढत नसे. तिचं काम निवडायचं, नाकारायचं, प्रमाण सुधारायचं आणि रत्न हातात घेऊन ते कुठे बसेल हे सांगायचं. चित्रकार पीटर लमार्शाँ हा तिचा हात. या दोघांनी कार्तियेला बिबट्या दिला. १९४८ मध्ये विंडसरच्या ड्यूकने बायकोसाठी ११६.७४ कॅरटच्या पाचूवर बसलेल्या बिबट्याचा ब्रोच करून घेतला आणि पुढच्या वर्षी १५२.३५ कॅरटच्या काश्मिरी नीलमवर बसलेला बिबट्या आला. फुलं आणि धनुष्याकृती गाठी यांच्या दागिन्यांत एकदम शिकारी जनावर आलं. नवऱ्याने बायकोला दिलेली भेट असली तरी ती भेट गोड नव्हती, दात दाखवणारी होती. जर्मन ताब्यातल्या पॅरिसमध्ये तूसाँने पिंजऱ्यातल्या पक्ष्याचा ब्रोच केला होता, आणि शहर मुक्त झाल्यावर उघड्या पिंजऱ्यातून गाणाऱ्या पक्ष्याचा. चित्र न काढताही संकल्पनेची दिशा ठरवता येते, आज ज्याला क्रिएटिव्ह डायरेक्टर म्हणतात ते पद, तिने जवळजवळ चार दशकं प्रत्यक्ष करून दाखवलं. नाव मात्र कार्तियेचंच राहिलं.

करारावरची सही

अमेरिकेत याच काळात एक उलटी गोष्ट घडत होती. हिऱ्याची अंगठी म्हणजे पुरुषाने बाईला द्यायची वस्तू, ही समजूत पक्की करणारी जाहिरातीची ओळ १९४७ मध्ये फ्रान्सेस गेरेटी या बाईने लिहिली, डी बीअर्स कंपनीसाठी. हिरा चिरंतन असतो, या आशयाच्या त्या चार इंग्रजी शब्दांनी धंद्याला अब्जावधींची बाजारपेठ दिली. १९९९ मध्ये एका जाहिरात-नियतकालिकाने त्या ओळीला शतकातली सर्वोत्तम घोषणा ठरवलं. गेरेटीने स्वतः लग्न केलं नाही.

हे समीकरण हलवलं एल्सा पेरेत्तीने. ती फ्लॉरेन्समध्ये १९४० साली जन्मली, वडील इटलीतल्या तेल कंपनीचे संस्थापक. मॉडेलिंग करायला निघाली तेव्हा त्यांनी पैसे बंद केले. न्यूयॉर्कमध्ये हॅल्स्टन या वेशकारासाठी दागिने करता करता १९७४ मध्ये ती टिफनी कंपनीत आली. टिफनीने अडीच दशकं चांदीचे दागिने विकले नव्हते, तिने चांदीच आणली. हाडाच्या वळणाचं कडं, घेवड्याच्या दाण्याच्या आकाराची लोलकं, आणि नाजूक साखळीत थोड्याथोड्या अंतरावर एकेक छोटा हिरा. हा शेवटचा प्रकार ‘डायमंड्स बाय द यार्ड’ म्हणून गाजला. नोकरी करणारी बाई आपल्या पगारातून तो घेऊ शकत होती आणि रोज ऑफिसला घालूनही जाऊ शकत होती. दागिन्याचं गिऱ्हाईक बदललं की दागिना बदलतो. तिजोरीतून वर्षातून दोनदा निघणारी वस्तू रोजची झाली.

याहून मोठी गोष्ट तिच्या कराराची होती. आराखड्यांचे हक्क आणि स्वतःच्या नावाचा ट्रेडमार्क पेरेत्तीने स्वतःकडे ठेवला. कंपनीला मिळाला तो वापरण्याचा परवाना. माल कसा घडवायचा, कसा मांडायचा, कसा विकायचा यावर तिची संमती लागे. २००९ ते २०११ या काळात टिफनीच्या एकूण विक्रीत तिच्या दागिन्यांचा वाटा सुमारे १० टक्के होता. २०१२ मध्ये करार आणखी वीस वर्षांसाठी वाढवताना कंपनीने तिला एकरकमी सुमारे ४ कोटी ७३ लाख डॉलर दिले, रॉयल्टी वेगळी. हा पैसा कॅटालोनियातल्या एका ओसाड पडत चाललेल्या खेड्याच्या जीर्णोद्धारात आणि तिच्या धर्मादाय प्रतिष्ठानात गेला. २०२१ मध्ये ती वारली. हेस्टरकडे खूण होती, आल्माकडे कल्पना, तूसाँकडे अधिकार. पेरेत्तीने कल्पना, नाव आणि हिशेबाची वही एकाच टेबलावर आणली.

आज मोठ्या युरोपीय पेढ्यांत बाई प्रमुख असणं नवलाचं उरलेलं नाही. बुशेराँची सूत्रं २०१५ पासून एलेन पुली-द्युकेन यांच्याकडे आहेत आणि संकल्पना त्याआधीपासून क्लेर श्वान यांच्याकडे. बुल्गारीच्या लुचिया सिल्वेस्त्री अठराव्या वर्षी पेढीत आल्या, रत्नपारखी झाल्या, जयपूरच्या बाजारात माल घेत फिरल्या आणि मग दागिन्यांच्या संकल्पनाप्रमुख बनल्या. शोपार्दच्या सहअध्यक्ष कॅरोलिन शॉयफेल यांनी सोनं कुठल्या खाणीतून येतं हा प्रश्न धंद्याच्या मध्यभागी आणला. २०१८ पासून ती पेढी जबाबदारीने मिळवलेलंच सोनं वापरत असल्याचं सांगते. वरच्या मजल्यावर दिवा लागलाय, हे खरं. पण दागिना वरच्या मजल्यावर घडत नाही.

आपल्याकडची ऐरण

महाराष्ट्रात जुन्या वाड्यांमध्ये पुढे सोनाराचं दुकान आणि मागे बिऱ्हाड असायचं. भट्टी, फुंकणी, ऐरण, जंतरी पुढच्या खोलीत, म्हणजे पुरुषांच्या हातात. सोनाराच्या घरातल्या बाईला कस, तोळा, गुंज, घट हे सगळं कानावरून पाठ असे, पण बापाचं कसब जायचं मुलाकडे. बायकांच्या वाट्याला आलं ते गाठवणं. पोत, तन्मणी, मोत्यांचे सर, मंगळसूत्र गाठवायला नजर, बोटं आणि चिकाटी लागते. सुटलेला एक मोती सगळा सर वाया घालवू शकतो. तरी घडणावळीत गाठवणीचा वाटा किरकोळ धरला जातो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीला चांदीच्या पैंजणांचं गाव म्हणतात. तिथे कड्या जोडणं, घुंगरू लावणं यासारखी कामं घरोघर बायका करतात. पैंजण बाजारात जातो तो व्यापाऱ्याच्या नावाने.

मुंबईच्या झवेरी बाजारात बाईला ऐरणीपाशी जागा न मिळण्याचं कारण आणखी साधं आहे. तिथले बरेच कारागीर बंगालमधून आलेले पुरुष. अनेक ठिकाणी कारखाना हेच त्यांचं राहायचं ठिकाण, रात्री त्याच चटईवर झोपायचं. शिक्षण कुणाच्या तरी हाताखाली वर्षानुवर्षं बसून मिळतं. सोनं दिलं-घेतलं जातं ते भाऊबंद, गाववाले, जातवाले यांच्या शब्दावर. या साखळीत परक्या पुरुषालाही सहज शिरता येत नाही, बाईला तर नाहीच.

ही साखळी यंत्राने सैल केली. १९७३ मध्ये अंधेरीला स्थापन झालेल्या सीप्झ या निर्यात क्षेत्रात पुढे दागिन्यांचे मोठे कारखाने आले. तिथे काम टप्प्यांत वाटलेलं असतं. संगणकावर आराखडा होतो, त्यावरून नमुना, मग रबरी साचा. साच्यात मेण भरून प्रतिकृती काढतात, काही वेळा मेणातच खडे बसवतात. शेकडो प्रतिकृती एका खोडाला चिकटवून मेणाचं झाड करतात, त्याभोवती प्लास्टर ओततात, भट्टीत मेण वितळून जातं आणि रिकाम्या जागी सोनं ओततात. मग कानस, जडण, पॉलिश. आराखडा, मेण, निवड आणि तपासणी या टप्प्यांवर उपनगरांतून लोकलने येणाऱ्या बायका मोठ्या संख्येने दिसतात. ठरलेली पाळी, पगाराची पावती, स्वच्छतागृह, येण्या-जाण्याची वेळ या चार गोष्टींनी जे केलं, ते कौतुकाच्या भाषणांनी झालं नसतं. तरी धातूवरची जडण, जिला मजुरी चांगली, ती अजून बहुतांशी पुरुषांकडे आहे. बाई मेणापाशी पोचली, सोन्यापर्यंतचं अंतर उरलं आहे.

भांडवलाचा प्रश्न तर आपल्याकडे मोठा विचित्र आहे. सोनं बाईच्या अंगावर असतं आणि कायद्याने तिचंच असतं. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४ ने तिला आपल्या मालमत्तेची पूर्ण मालकी दिली. १९८५ मध्ये प्रतिभाराणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीधन हे फक्त तिचं असल्याचं स्पष्ट केलं. पण ते सोनं धंद्यात उतरतं ते बहुतेक वेळा दुसऱ्याच्या. ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट १९१३ मध्ये पडद्यावर आला तो सरस्वतीबाई फाळक्यांचे दागिने गहाण पडले म्हणून. सरस्वतीबाईंनी शूटिंगच्या मंडळींचा स्वयंपाक केला, फिल्म धुतली, छिद्रं पाडली, म्हणजे भांडवल आणि श्रम दोन्ही दिले. नाव नवऱ्याचं, दादासाहेब फाळक्यांचं झालं. सराफी पेढी उभी करायची तर बँकेला तारण हवं असतं. जमीन आणि गाळा बहुधा पुरुषाच्या नावावर. बाईकडे असलेलं तारण म्हणजे तेच गळ्यातलं सोनं, आणि ते मोडायचं म्हटलं की घर हलतं.

यातून मार्ग निघू शकतो याचं एक उदाहरण होसूरजवळ आहे. टायटन कंपनी आणि मायराडा ही संस्था यांनी १९९०च्या दशकात तमिळनाडूतल्या खेड्यांमधल्या बचत गटांच्या बायकांना घड्याळाचे पट्टे जोडण्याचं आणि दागिन्यांचं काही काम शिकवलं. पुढे बायकांच्या मालकीची ‘मीडो’ ही कंपनीच स्थापन झाली. काम करणारीच भागधारक, म्हणून कंत्राटाची बोलणीही तिनेच करायची. दुसरं उदाहरण टांझानियातलं. तिथे बायका खाणकामगारांनी १९९७ मध्ये ‘तावोमा’ ही संघटना काढली. २०१९ पासून उंबा खोऱ्यातल्या बायका तिच्यामार्फत आपले खडे बाजाराच्या दिवशी खरेदीदारांना समोरासमोर विकू लागल्या, दलाल मधून गेला. दोन्हीकडे कौशल्य शिकवलं गेलं, पण फरक पडला तो कागदामुळे. कागदावर आणि व्यवहारात नाव त्यांचं.

आता भारतातल्या हॉलमार्ककडे पाहू. २०२१ पासून सोन्याच्या दागिन्यांचं हॉलमार्किंग टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं. १ एप्रिल २०२३ पासून दुकानदाराला सहा अक्षर-अंकांच्या एचयूआयडी क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. दागिन्यावर तीन खुणा असतात: भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह, शुद्धता आणि हा क्रमांक. मोबाइलवर क्रमांक टाकला की विकणारा कोण आणि तपासणी कुठल्या केंद्राने केली हे कळतं. घडवणारा कोण, हे कळत नाही. हा अन्याय पुरुष कारागिरावरही आहे. पण घरी बसून गाठवणाऱ्या, कड्या जोडणाऱ्या बाईवर तो दुप्पट आहे, कारण तिचं नाव कारखान्याच्या हजेरीपटावरही नसतं.

क्रमांक प्रत्येक दागिन्याला मिळतोच आहे. त्याच नोंदीत घडवणाऱ्या गटाचं वा कारागिराचं नाव आणि नोंदणी जोडणं तंत्राच्या दृष्टीने अवघड नाही. जाहिरातीत स्त्रीशक्ती दाखवण्याऐवजी एखाद्या मोठ्या मराठी पेढीने आधी आपल्या मालापुरतं हे करून पाहावं. नाव नोंदलं की किती काम केलं हे सिद्ध होतं, काम सिद्ध झालं की मजुरीचा हिशेब मागता येतो, आणि चार वर्षांचा हिशेब हाती असला की गळ्यातलं सोनं न मोडता बँकेत कर्ज मागायला जाता येतं.